जानकीच्या मांडीवर

मालवणच्या एका काजूच्या कारखान्यात तुळसा कामाला लागली, तेव्हा तिची येसू जेमतेम पाच महिन्यांची होती. साल छप्पन. नवरा सत्यवान मालवाहू बोटीवर खलाशी. बोट एकदा मुंबई बंदरातून सुटली की सहा सहा महिने त्याचा पत्ता नसे. पत्र आलं की कळायचं, माणूस एडनला आहे की मोंबासाला. मालवणजवळच्या वायरी गावातल्या त्यांच्या घरात दोन बाया आणि एक तान्हं मूल, एवढाच संसार.

दुसरी बाई म्हणजे सत्यवानची थोरली बहीण जानकी. लग्नानंतर दोनच वर्षांत तिचा नवरा अंथरुणाला खिळला, आणि पुढची दोन वर्षं तिने त्याच्या उशाशी बसून काढली. तो गेल्यावर सासरच्यांनी तिला भावाच्या दारात आणून सोडलं. मूलबाळ नव्हतं. येसू जन्मली आणि वाळल्या खोडाला पालवी फुटावी तशी जानकी बोलू लागली, हसू लागली.

"तू जा कामाक," ती तुळसाला म्हणाली. "चेडवाक मी बघतंय. माका दुसरा काम काय आसा?"

काजूची बी फोडायची म्हणजे टरफलातलं तेल हाताला लागणारच. राख चोळा, खोबरेल लावा, ते तेल कातडी खाल्ल्याशिवाय राहत नाही. महिन्याभरात तुळसाची बोटं कोळशासारखी काळी पडली, त्यांची सालं निघू लागली. एके दिवशी घरी येताच तिने घाईने येसूला उचललं, तर दुसऱ्या सकाळी पोरीच्या गालावर टपोरा फोड. त्या दिवसापासून तुळसाने लेकीला हात लावायचं सोडलं. संध्याकाळी ती भिंतीला टेकून बसायची, दोन्ही हात पाठीमागे धरायची, आणि जानकी येसूला तिच्या छातीशी लावायची. दूध आईचं, पण पाठीवरून फिरणारा हात आत्याचा.

दिवसा भूक भागेना म्हणून जानकीने येसूला मऊ भात भरवायला घेतला. घास आधी स्वतःच्या तोंडात घोळवून लोण्यासारखा करायचा आणि मग बोटाने पोरीच्या ओठांत सारायचा. वाडीतल्या सगळ्याच बाया तसं करत. त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही.

पावसाळा सरला आणि येसूचं अंग संध्याकाळचं तापू लागलं.

पहिल्यांदा वाटलं, दात येत असतील. दात आले, ताप राहिला. दिवेलागणीला गाल लालसर व्हायचे, कपाळ कोमट लागायचं, पहाटे झबलं घामाने भिजलेलं असायचं. खोकला फारसा नव्हता. होता तो कोरडा, बारीक, मांजराच्या पिल्लाने शिंकावं तसा. पण पोर वाढेना. बरोबरीची मुलं भिंत धरून उभी राहू लागली, आणि येसू जानकीच्या मांडीवर टक लावून पडून असायची. वैद्याचं चाटण झालं, वावडिंगाचं पाणी झालं, देवळात गाऱ्हाणं घालून झालं. चार दिवस बरे जायचे, तुळसाच्या जिवात जीव यायचा, आणि पाचव्या संध्याकाळी जानकी उंबऱ्यातच सांगायची, "आजून अंग कढत आसा गो."

कारखान्यात दोन खाडे झाले की मुकादम जागा दुसरीला द्यायचा. तुळसा बी फोडायची आणि मन वायरीत असायचं. तापलेल्या बियांचा धूर डोळ्यांत जायचा. शेजारणीला वाटायचं, धुरामुळे पाणी येतंय.

माघात शेजारची आनंदीबाई तिला विहिरीवर गाठून म्हणाली, "तुळसा, रागाव नको. पण पांढऱ्या कपाळाच्या बायलेच्या मांडयेर बारक्या पोराक ठेवूचा नसता. जानकीन घोवाक खाल्ल्यान. आता..."

"पुढे बोलू नको," तुळसा म्हणाली. कळशी तिने दगडावर अशी आपटली की पाणी उडालं. "माझ्या वन्सां नसत्यो तर माझा चेडू कधीच मेला असता."

आनंदीबाई गप्प झाली, पण वाडी गप्प झाली नाही. देवाचा कौल सांगणाऱ्या घाड्याने तांदूळ टाकून सांगितलं, पीडा बाहेरची नव्हे, घरातलीच आहे. तेव्हापासून बाया आपली पोरं जानकीच्या वाटेतून आत ओढू लागल्या. जानकीच्या ते ध्यानात येत होतं. ती खाली मान घालून पाणी भरायची आणि येसूला पदराखाली झाकून घरात शिरायची. तुळसा मुद्दाम सगळ्यांसमक्ष तिच्याशी जास्तच मायेने बोलायची. माणुसकी सोडायची नाही, एवढं तिने ठरवलं होतं.

मात्र याच दिवसांत जानकीचं वागणं थोडं बदललं. ती भल्या पहाटे उठून गोठ्यामागे जायची आणि बराच वेळ परतायची नाही. आपली धुणी वेगळी धुवायची. जेवताना म्हणायची, "माका भूक नाय." लोकांच्या बोलण्याने बाई आतून खचली आहे, असं तुळसाने मानलं आणि तिच्या पानात ती बळेच दोन घास जास्त वाढू लागली.

चैत्रातल्या एका सकाळी येसूने दूध ओढलंच नाही. मान एका बाजूला कलली आणि तशीच राहिली. तुळसाने मुकादमाचा विचार केला नाही, फोडांचाही केला नाही. हातांवर फडकी गुंडाळली, पोरीला छातीशी बांधलं आणि तडक मालवणच्या डॉक्टरांकडे गेली. जानकी कुंपणापर्यंत मागून आली.

"मी येतंय तुझ्यावांगडा," ती म्हणाली.

"तुमी खंय चलतलात, वन्सानू? तुमच्या अंगात खंय ताकद आसा?"

डॉक्टर वयस्क होते, मितभाषी. त्यांनी येसूच्या मानेवर बोट फिरवलं. जबड्याखाली गाठी लागत होत्या, काजूच्या गरांएवढ्या. पाठीला नळी लावून त्यांनी पुष्कळ वेळ ऐकलं.

"बाळ दिवसभर कुणाजवळ असतं?"

"तिच्या आत्याजवळ."

"आत्याला खोकला आहे?"

"नाही," तुळसा पटकन म्हणाली.

"आधी घरात कुणी लांबलचक आजारपणाने गेलं होतं?"

"आमच्या घरात नाही." मग थोडं थांबून ती म्हणाली, "वन्सांचे यजमान गेले. दोन वर्षं अंथरुणावर होते."

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. "बाई, हा क्षय आहे. मुलांना तो मोठ्या माणसाकडून लागतो. श्वासातून, खोकल्यातून. सावंतवाडीला नेऊन छातीचा फोटो काढून घ्या, पण मी सुई आजच सुरू करतो. नव्वद दिवस, रोज. आणि ज्या माणसाच्या मांडीवर ही वाढतेय, त्या माणसापासून तिला आजच्या आज वेगळी करा."

परतीच्या वाटेवर माडांच्या सावल्या आखूड झाल्या होत्या. तुळसा चालत होती आणि एकेक गोष्ट आपसूक जागेवर बसत होती. गोठ्यामागची पहाट. वेगळी धुणी. विधवेच्या हातात सैल होऊन सरकायला बांगड्या नसल्याने कुणाच्या लक्षात न आलेलं, पण केव्हापासून तरी वाळत चाललेलं जानकीचं मनगट. आणि तोंडात घोळवलेला भात. तो आठवला तशी तिने येसूच्या ओठांवरून पदर फिरवला. वाडीने जे अंधारात दगड मारून म्हटलं होतं, तेच आता डॉक्टर शास्त्राने सांगत होते. आनंदीबाईला गप्प करताना आपण कुणाला वाचवत होतो आणि कुणाला मारत होतो?

घरासमोरच्या खळ्यात जानकी पाय पसरून बसली होती. तुळसाला पाहताच तिने दोन्ही हात पुढे केले.

तुळसाने येसूला दिलं नाही. ती चार पावलांवर उभी राहिली.

"वन्सानू, तुमका खोकलो कधीपासून आसा?"

जानकीचे हात हवेतच राहिले. मग हळूहळू खाली आले.

"श्रावणापासून," ती म्हणाली. "रगत पडाक लागला तां शिमग्यात."

"आणि सांगूक नाय?"

"सांगलंय असतंय तर तू चेडवाक काढून घेतलं असतंस." जानकीच्या आवाजात रडू नव्हतं, आणि तेच तुळसाला सोसवेना. "माका वाटला, खोकलो आपसूक जातलो. बारक्याक लागता, ह्या माका खराच म्हायत नव्हता गो. देवाशपथ नव्हता."

तुळसाला ओरडायचं होतं. घाणेरडं काहीतरी बोलायचं होतं. तोंडून निघालं ते एवढंच, "मांगरात तुमचा हातरूण घालतंय."

माडांच्या बागेत, घरापासून हाकेच्या अंतरावर, नारळ ठेवायचा मांगर होता. जानकी त्याच दुपारी आपलं गाठोडं उचलून तिकडे गेली. तुळसा दोन वेळा तिची पेज दारातल्या चिऱ्यावर ठेवून यायची आणि मागे सरून उभी राहायची. बारा पावलांच्या अंतरावरून दोघी बोलायच्या, तेही कामापुरतं. डॉक्टर म्हणाले होते, जानकीलाही सुया हव्यात, तिला मिरजेच्या क्षयाच्या इस्पितळात पाठवा. पण नेणार कोण? सत्यवान समुद्रावर होता. पत्र लिहिलं, त्याला उत्तर नव्हतं.

कारखान्यातली जागा गेली. तुळसाने घरीच काथ्याचं काम धरलं. नारळाची कुजवलेली सोडणं खळ्यात आणून ती दांड्याने बडवायची, आणि येसूचा झोका आंब्याच्या फांदीला बांधलेला असायचा. रोज सकाळी मालवणला जायचं, सुई टोचून आणायची, आल्यावर सोडणं बडवायची, पेज शिजवायची, एक पान मांगरात पोचवायचं. हातांचं काळेपण हळूहळू उतरलं. एका संध्याकाळी तिने नागड्या हातांनी येसूच्या पोटावरून तेल फिरवलं. फोड आला नाही. तुळसा कितीतरी वेळ तेल चोळतच राहिली.

ज्येष्ठात ताप तुटला. आषाढात येसू भिंत धरून उभी राहिली. डॉक्टरही पहिल्यांदा हसले.

जानकी रोज तिसऱ्या प्रहरी मांगराच्या दारात येऊन बसायची आणि तिथूनच हाक मारायची, "येसू! येसू गोऽऽ!" सुरुवातीला पोर झोक्यातून मान वळवून हसायची. ते पाहिलं की जानकी आत जायची. तेवढ्यावर तिचा दिवस निघायचा. नंतर नंतर येसू वळेनाशी झाली. पोर आपल्याला विसरली, असं समजून जानकी काही दिवस मुकाट राहिली. मग एका दुपारी ती मांगरातून बाहेर आली, ठरलेल्या अंतरावर थांबली आणि एक फुटका डबा दगडावर जोराने आपटला. माडावरचे कावळे उडाले. येसू पाठमोरी बसून काथ्याशी खेळत राहिली.

"तुळसा," जानकी म्हणाली, "चेडवाक ऐकाक येयत नाय."

डॉक्टरांनी मान खाली घातली. सुयांनी तसं होतं कधीकधी, ते म्हणाले. जीव वाचला, कान गेले.

सत्यवान गणपतीला आला. बहिणीला मिरजेला पोचवून तो पुन्हा बोटीवर गेला. जानकी गाडीत बसताना वाडीतलं कुणी आलं नाही. आनंदीबाईने तेवढ्यात तुळसाला ऐकवलंच, "मी सांगलेला तां खरा झाला मां?"

"नाय," तुळसा म्हणाली. "तू पांढरा कपाळ सांगलंस. तां दुखणा हुता. खोकलो आसा काय म्हणान कोणी एकान तरी इचारलेला?"

जानकी एकोणसाठ साली परत आली. अंगाने भरलेली, हातात इस्पितळाचा कागद. आता हिच्यापासून कुणाला काही धोका नाही, असं त्यात लिहिलं होतं. तुळसाने तो डॉक्टरांकडून दोनदा वाचून घेतला. मांगर बंद झाला, जानकी घरात निजू लागली. येसू तिच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखायला शिकली, आणि शिकवलं ते जानकीनेच.

एकसष्टमध्ये तुळसाला मुलगा झाला. बाराव्या दिवशी जानकी दारात उभी राहिली. तिने हात पुढे केले नाहीत. तुळसाला कळत होतं की कागद खरा आहे. डॉक्टर खोटं बोलत नाहीत, तेही कळत होतं. पण मूल उचलून द्यायला गेली की तिचे दंड लाकडासारखे ताठ व्हायचे. दिवस गेले, महिने गेले. मूल रांगत जानकीकडे जायचं, आणि जानकी उठून आत निघून जायची.  जानकी कधी ठसकली, जेवताना नुसतं पाणी लागून ठसकली, तरी स्वयंपाकघरात तुळसाचा हात जागच्या जागी थांबायचा, आणि जानकीला ते न बघताही समजायचं.

बासष्टच्या मे महिन्यात मिरजेहून पत्र आलं. इस्पितळात आजाऱ्यांची उठबस करायला आया हव्या होत्या. पूर्वीच्या रोग्यांना आधी विचारत होते. जानकीने ते वाचून घेतलं आणि त्याच आठवड्यात निघाली.

एसटी सुटताना येसू खिडकीखाली उभी होती. जानकी तिच्याशी आवाज न काढता, नुसत्या ओठांनी काहीतरी बोलली. येसूने मान हलवली.

"काय म्हणाली गो आत्या?" तुळसाने घरी आल्यावर पोरीला विचारलं, ओठ स्पष्ट हलवत.

येसूने आईकडे पाहिलं, आणि सांगितलं नाही.