गुरुवारचं विमान

नांदेडच्या वाटेवरच्या मालेगावात, बसस्टँडसमोर फय्याजचं तिकीट बुकिंगचं दुकान आहे. स्वतः तो विमानात एकदाच बसलाय, तेही डोळे मिटून. पण नांदेड–हैदराबाद विमानाबद्दल असा बोलतो, जणू ते रात्री त्याच्याच अंगणात उभं राहतं.

जवळच्या किन्हीराजा गावच्या नानीबाई दुकानात आल्या त्या एसटीचं ज्येष्ठांचं कार्ड हातात धरूनच. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून दर महिन्याला एका गुरुवारी हैदराबादच्या डॉक्टरांकडे जावं लागे, आणि रातभर बसमध्ये पाय मुडपून बसणं आता जमत नव्हतं.

"मले फुकट हाये. पंच्याहत्तर झाले."

"नानी, हे इमान हाये, एसटी नाही."

"सरकार पैसे देते म्हने ना?"

"अर्ध्या सीटांचे देते. त्या स्वस्त. बाकीच्या कंपनीच्या भावानं."

"मंग मले अर्धीच सीट दे. मावते मी."

फय्याज हसला, पण खरं ते सांगितलंच. सरकारची मदत तीन वर्षांची. याच महिन्यात संपणार. सोमवारचं विमान भरतं, गुरुवारचं निम्मं रिकामं उडतं. मदत थांबली की कंपनी आधी गुरुवारच छाटणार.

नानीबाई घाबरल्या नाहीत. "आमची एसटी बी अशीच बंद करून राह्यले होते. आमी बायाईनं पाळ्या लावल्या. काम नसलं तरी मालेगावले यायचं, चहा प्यायचा, परत. कंडक्टर म्हने, काहून फिरून राह्यल्या वं? पन गाडी नाही बंद झाली."

चहासाठी विमानात कोण बसणार? पण जाणारे लोक तर होतेच. सवयीनं सगळे सोमवार धरायचे. फय्याजनं महिनाभर एकेकाला फोन लावले. पेशंटांना गुरुवारची वेळ घ्यायला लावली, हैदराबादला पोरं शिकणाऱ्या आईबापांना पटवलं. कापडवाले रतनसिंग मात्र अडून बसले.

"सोमवार महादेवाचा. खरेदीले चांगला."

"शेठ, गुरुवार दत्ताचा हाये. हे बी मीच सांगू का तुमाले?"

रतनसिंगांनी हात जोडले आणि गुरुवार घेतला.

पुढच्या महिन्यात कंपनीनं आठवड्यातल्या चार दिवसांच्या विमानांपैकी दोन दिवसांची बंद केली. सोमवार राहिला, गुरुवारही. भाडं वाढलं, नानीबाईंनी कंपनीच्या सात पिढ्यांची विचारपूस केली आणि तिकीट काढलं.

गुरुवारी सकाळी नांदेडहून त्यांचा फोन आला.

"फय्याज, इमान गच्च भरलं लेका. पन खिडकीत रतनसिंग बसला. त्याले सांग, उठ म्हना."