सोबत आवाज जोडला आहे

सक्करदऱ्याच्या आमच्या ऑफिसात आम्ही तक्रारी सांभाळायचं सॉफ्टवेअर बनवतो. कोणी मेल केला की त्याची आपोआप तक्रार होते, तिला नंबर मिळतो आणि मेलला जोडलेल्या फाइल त्या नंबराखाली जाऊन बसतात. हे फाइलचं काम माझ्याकडे. ऐकायला सोपं वाटतं, पण लोक मेलला काय काय चिकटवतात ते एकदा बघाच. नातवाच्या नाचाचे व्हिडिओ, आरत्या, मधूनच एखादा व्हायरस. म्हणून आम्ही नियम करून टाकला होता: फोटो आणि पीडीएफ आत, बाकी सगळं बाहेर. तेही गुपचूप, पाठवणाऱ्याला कळतसुद्धा नसे.

हुडकेश्वरच्या एका सोसायटीने हे सॉफ्टवेअर घेतलं; नवीन गिऱ्हाईक म्हणून त्यांच्या तक्रारींवर आम्हीही लक्ष ठेवायचो. तिथे चौथ्या मजल्यावर राहणारे, कोराडीच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले एक काका रोज लिफ्टची तक्रार करायचे. सकाळी वर येताना लिफ्ट करकरते. काकू एकदा तिच्यात अडकल्या होत्या, त्यामुळे तो आवाज आला की त्या आत पाऊल टाकत नसत. गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर जिना उतरणं तर शक्यच नव्हतं. थोडक्यात, काकू घरात बंद. मेकॅनिक दुपारी यायचा, तेव्हा लिफ्ट गरीब गाय. तो ‘आवाज आढळला नाही’ असं लिहून तक्रार बंद करायचा आणि दुसऱ्या सकाळी काकांचा मेल पुन्हा हजर. ऑफिसात सगळे वैतागले होते. मी मात्र काकांच्या बाजूने होते. रोज इतक्या निगुतीने लिहिणारा माणूस उगाच कटकट करेल, हे मला पटत नव्हतं.

एकदा मी तो मेल अगदी शेवटपर्यंत वाचला. खाली लिहिलं होतं, ‘सोबत आवाज जोडला आहे.’ तक्रारीखाली एकही फाइल नव्हती. मागचे मेल उघडले, प्रत्येकात तेच वाक्य. मूळ मेल सर्व्हरवर असतात, तिथे जाऊन बघते तर प्रत्येकाला एकेक रेकॉर्डिंग. ‘‘सापडलं!’’ मी ओरडलेच.

‘‘काय झालं वं, लॉटरी लागली का तुले?’’ शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने विचारलं.

‘‘इकडे ये, ऐकून तर पाह्य,’’ म्हणत मी स्पीकर लावला.

लिफ्ट वर येते आहे. खर्र-खट्, खर्र-खट्. दार उघडतं. आणि मागून काकूंचा आवाज, ‘‘अजी, आज तरी नेता का मले खाली?’’ रेकॉर्डिंग तिथेच संपतं.

डबा तसाच ठेवून मी आवाजाच्या फाइल आत घ्यायचा बदल केला आणि मागची सगळी रेकॉर्डिंग तक्रारीखाली आणून बसवली. मेकॅनिकने ती ऐकून लगेच फोन केला. ‘‘मॅडम, हे तर वरच्या चाकाचं हाय. मी आपला दारच तपासून राहिलो होतो.’’ मी आनंदाने खुर्चीतून उठून उभीच राहिले. त्याच आठवड्यात चाक बदललं.

मग एका सकाळी पुन्हा काकांचा मेल. ‘परत सुरू झालं की काय’ म्हणत उघडला. मजकूर काहीच नाही, नुसतं एक रेकॉर्डिंग. लावलं, तर त्यात लिफ्ट नव्हतीच. रस्ता होता, हॉर्न होते आणि काकू भाजीवाल्याला झापत होत्या, ‘‘ही मेथी कवाची हाय गा? शिळी दिसून राहिली. ताजी काढ.’’

सॉफ्टवेअरने नेहमीप्रमाणे त्या मेललाही तक्रारीचा नंबर दिला होता. ती तक्रार मी अजून बंद केलेली नाही.