चांगोचं फडकं

पनवेल बंदरावर मिठाची पोती वाहणाऱ्या सुरूर सिद्दीचं डोकं सदा गुळगुळीत. आठवडा भरला की स्वारी न्हाव्यापुढं हजर. लोकांना वाटायचं, गडी मोठा टापटिपीचा आहे. टापटीप कसली! त्याला स्वतःच्या कुरळ्या केसांची लाज वाटायची. मुरुडला नवाबाच्या वाड्यावर पहारेकरी होता तेव्हा याच केसांवर तो ऐटीत फेटा बांधायचा. अठ्ठेचाळीस साली संस्थान गेलं, त्याबरोबर नोकरी गेली, फेटाही गेला. पोटामागं पनवेलला आला, तर इथं रस्त्यानं जाताना मागून हाका यायच्या, ‘ए हबशी! ए काळ्या!’ पाणी मागितलं तर लोक ओंजळीत वरून ओतायचे, भांड्याला हात लावू द्यायचे नाहीत. सहा फुटी माणूस, पण चालायचा मान खाली घालून.

त्याच्यासारखेच मुरुडकडून आलेले सहासात सिद्दी बंदरावर हमाली करत. त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा बिलालचाचा. जीभ तिखट, पण मन जाग्यावर. त्यानं मिठाचं एक पडकं कोठार झाडून घेतलं आणि दर शुक्रवारी नमाजानंतर सगळ्यांना तिथं गोळा करायला सुरुवात केली. चूल पेटवायची, तव्यावर जाडं मीठ भाजायचं, फडक्यात बांधायचं आणि त्या पुरचुंडीनं एकमेकांच्या पाठी शेकायच्या. हमालाचीच पाठ ती, दुखणारच. पण चाचाचा डोळा नुसत्या पाठीवर नव्हता. त्याचा कायदा असा की, ज्यानं शेक घेतला त्यानं दुसऱ्याला द्यायचा. आणि शेक घेणारा पालथा पडलेला असतो, त्याचं तोंड कुणाला दिसत नाही, तेव्हा मनात सलत असेल ते त्यानं बोलून टाकायचं. कुणी त्याचं तोंड बघायचं नाही, उत्तर द्यायचं नाही, बाहेर जाऊन बोलायचं नाही. बाप्ये समोरासमोर बसले की फुशारक्या मारतात आणि पालथे पडले की खरं बोलतात, हे म्हाताऱ्याला कुठून कळलं होतं कोण जाणे.

तीन शुक्रवार सुरूर मुका राहिला. चौथ्या शुक्रवारी चटईत तोंड खुपसून म्हणाला, “मी केस ठेवत नाही, कारण मला माझे केस बघवत नाहीत.” पाठीवरची पुरचुंडी क्षणभर एका जागी थांबली. महिन्याभरात न्हाव्याचं एक गिऱ्हाईक तुटलं. सुरूरची मान वर झाली. बाजारातले लोकसुद्धा त्याला ‘सुरूरमामू’ म्हणू लागले.

गोष्ट इथंच संपती तर किती बरं झालं असतं! पण मान वर झाली की माणसाला दुसऱ्याकडं खाली बघायची खोड लागते. सुरूर काही त्याला अपवाद नव्हता.

बंदरावर त्याचा जोडीदार होता चांगो, पळस्प्याकडच्या कातकरवाडीतला. पोतं पाठीवर चढवून देतो तो जोडीदार. त्यानं ते वेडंवाकडं टाकलं की मणका कामातून गेला म्हणून समजा. चांगो पोतं असं ठेवायचा, जसं झोपलेलं मूल कुणाच्या खांद्यावर द्यावं. एकदा या चांगोचीच कंबर धरली. सुरूर मोठ्या दिलदारपणे म्हणाला, “जुम्म्याला कोठारात ये. शेक देतो.”

चांगो आला. आंघोळ करून, धुतलेली बंडी घालून आला. नेमका त्या दिवशी बिलालचाचा तापानं घरी पडलेला. दारात कातकरी बघून आतल्या लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. एकजण पुटपुटला, “हे लोक उंदीर खातात. त्याच्या पाठीचं फडकं मग आपल्या पाठीला लावायचं?”

या माणसाच्या हातावर माझी पाठ शाबूत आहे, एवढं जरी सुरूर बोलला असता तरी पुरे होतं. पण तो घाबरला. कातकऱ्याच्या शेजारी झोपलो, तर आत्ता कुठं मामू झालेला मी पुन्हा काळ्या होईन. तो उठून दारात गेला.

“चांगो, हे आमच्याच लोकांचं आहे रे.”

“हां, हां,” चांगो म्हणाला. “तू ये बोललास, म्हून आलो.”

सुरूर आत गेला, एक गरम पुरचुंडी घेऊन आला, आणि ती चांगोच्या हातात न देता त्यानं उंबऱ्याबाहेर जमिनीवर ठेवली. का, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. हात आपोआप खाली गेला. चांगो धरलेल्या कमरेनं वाकला, पुरचुंडी उचलली आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी बंदरावर चांगोनं घडी घातलेलं फडकं काढलं. “तुमचा फडका. बायकोनं दोन येळा धुतलाय.” आणि त्यानंही ते सुरूरच्या हातात न देता त्याच्या पायाशी जमिनीवर ठेवलं. रागानं नव्हे. या लोकांत अशीच रीत असेल, असं समजून. मग नेहमीसारखंच अलगद त्यानं सुरूरच्या पाठीवर पोतं चढवलं. त्यानं आईबहिणीवरून शिवी हासडली असती तरी परवडलं असतं. सुरूरला त्या दिवशी स्वतःच्या हाताचीसुद्धा लाज वाटली. जेवताना घास तोंडाशी नेताना हाच तो हात, असं त्याच्या मनात येत राहिलं.

पुढच्या शुक्रवारी चाचा बरा होऊन आला. सुरूर पालथा झोपला आणि सगळं ओकला. चाचानं पुरचुंडी बाजूला टाकली आणि स्वतःचाच कायदा मोडला.

“हे आम्हाला कशाला ऐकवतोस? गुन्हा केलास चांगोचा आणि तोंड घालतोस चटईत? ऊठ आधी! आणि तुम्ही रे बाकीचे? ओंजळीनं पाणी प्यालेली तोंडं तुमची, इतक्यात विसरलात?”

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. सुरूर उठला आणि भर उन्हात चालत कातकरवाडीवर गेला. चांगो झोपडीच्या कुडाला चिखल लिंपत होता. आत त्याची बायको शुक्री होती. इथं चटई नव्हती, तोंड लपवायला जागा नव्हती.

“मी तुला दारातून परत लावलं,” सुरूर म्हणाला. “पुरचुंडी भुईवर ठेवली. मला लाज वाटते, चांगो.”

चांगोनं चिखलाचे हात एकमेकांवर चोळले. “कंबर बरी झाली माजी. त्याच मिठानं शुक्रीनं शेकली.”

“तसं नव्हे. येत्या जुम्म्याला ये. आत ये.”

चांगोनं जरा विचार केला. “येन,” तो म्हणाला. “फडका माजा मी घेऊन येन. तुमाला तरास नको.”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं सुरूरला झालं.

चांगो खरंच येऊ लागला. शुक्रीच्या जुन्या लुगड्याचा तांबड्या काठाचा तुकडा दर शुक्रवारी त्याच्या कमरेला खोचलेला असे. “अरे, खुंटीवरचं सगळ्यांचं फडकं घे की,” असं सुरूरनं शंभरदा सांगितलं असेल. चांगो हसायचा. “ऱ्हाऊं दे, मामू.” मग सुरूर हट्टानं आपली पाठ चांगोच्याच फडक्यानं शेकून घ्यायचा. त्याचं बघून हळूहळू बाकीचेही घेऊ लागले. वाडीवरचे आणखी चारजण आले, मिठागरावरचे दोन आगरी आले. सगळे आपापलं सलणारं बोलून मोकळे व्हायचे. चांगो मात्र पालथा पडला तरी कधी बोलला नाही. आणि तो दारातून आत आला की सुरूरची नजर पहिली जायची ती त्याच्या कमरेकडं. तांबडा काठ दिसला की तो मान दुसरीकडं वळवायचा.

अशी अकरा वर्षं गेली. बिलालचाचा वारला. माल ट्रकनं जायला लागला, बंदरावरचं काम ओसरलं. सुरूरचे कुरळे केस पांढरे झाले.

एका शुक्रवारी चांगो उशिरा, कामावरून तसाच आला. सुरूर आधीच पालथा पडला होता. चांगोनं तव्यावरचं मीठ परतलं आणि कमरेशी हात नेला. कमरेला काहीच नव्हतं. घाईत विसरला होता. सुरूरनं डोळ्याच्या कोपऱ्यातून ते पाहिलं. आता हा उठून घरी जाईल, असं त्याला वाटलं.

चांगोनं बसल्या जागेवरून हात लांबवला, खुंटीवरचं फडकं ओढलं आणि कुणालाही न विचारता त्यात मीठ ओतून गाठ मारली.

“कुठं दुखतंय, मामू?”

सुरूरनं तोंड चटईत खुपसलं. कायदाच होता तसा, पडलेल्याचं तोंड कुणी बघायचं नाही.