ओल जास्त, वाळवून आणणे

बुलडाणा जिल्ह्यात चिमटीत धरून ओढता येईल अशी एकही वस्तू माझ्या बायकोच्या मामांनी ओढून पाहायची बाकी ठेवली नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. उभी हयात त्यांनी सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर म्हणून काढली. गाडीतला मूठभर कापूस घ्यायचा, सरकी बाजूला करायची, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच ओढायचा आणि धाग्याची लांबी, ताकद, जात सगळं तिथल्या तिथे बोटांनी वाचून गाडीवर चिठ्ठी लावायची. एक नंबर, दोन नंबर, आणि अगदीच गेलेला माल असला तर कवडी. त्यांची चिठ्ठी बदलायची हिंमत साहेबालाही नव्हती म्हणतात. पुढे मामाजी रीतसर निवृत्त झाले, हारतुरे झाले, पण बोटांना निवृत्तीचा आदेश द्यायचा राहून गेला. मामींनी खाटेवर शेवया वाळत घातल्या की हे एक शेवई उचलून ओढणार आणि म्हणणार, "औंदा धागा तुटून राह्यला, गहू बदलला का?" एसटीच्या फाटक्या सीटमधून डोकावणारा कापूस ओढून त्यांनी एकदा कंडक्टरला उभ्या गाडीत ऐकवलं होतं, "ह्या कवडीवर तुमी लोकायले बसवता?" पाहुण्यांकडची गादी, नवरदेवाचा शेला, पंगतीतली जिलेबी, सगळ्यांचं ग्रेडिंग व्हायचं आणि निकाल भर पंगतीत जाहीर व्हायचा.

त्यातून मीही सुटलो नाही. मुलगी पाहायला मामाजींच्या धाड या गावी गेलो तेव्हा मामाजी माझ्या शेजारीच बसले होते. मी नोकरीविषयी, म्हणजे एका कचेरीतल्या आवक-जावक टेबलाविषयी, जमेल तेवढं भारदस्त बोलत होतो. तेवढ्यात माझ्या नव्या टेरिकॉटच्या बाहीला काहीतरी ओढ लागली. मग ती ओढ थेट माझ्या केसांपर्यंत पोचली. त्या काळी मला केस होते. त्यातला एक चिमटीत धरून मामाजींनी हलकेच ताणला आणि आतल्या खोलीतल्या बायकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "पोरगा साफ हाय, कचरा नाई. पन धागा आखूड हाय." मुलगी मला मिळाली. त्यानंतर वीस वर्षं मी त्याच आवक-जावक टेबलावर आहे, त्यामुळे ग्रेडिंगविरुद्ध दाद मागायला मला कधी तोंड राहिलं नाही.

मामाजींचं दुसरं वेड म्हणजे ओल. वजन वाढावं म्हणून काही लोक कापसावर पाणी मारून आणत, आणि ते पाणी नेमकं आत, मधोमध असे. वर कोरडा, पांढराशुभ्र थर. म्हणून मामाजी वरचा कापूस कधी हातातच घेत नसत. ते गाडीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालत, क्षणभर डोळे मिटत आणि म्हणत, "वरचं त कोनीबी चांगलं ठेवते." ओल सापडली की चिठ्ठीवर ठरलेली ओळ पडायची: 'ओल जास्त. वाळवून आणणे.' मग ओळखीचा असो, नात्यातला असो, गाडी मागे फिरायची. हीच कसोटी त्यांनी माणसांनाही लावली. आमच्या लग्नात माझ्या सासूबाई निरोपाच्या वेळी रडत होत्या, तेव्हा मामाजींनी बहिणीकडे नीट बघून "ही खरी ओल हाय" असा दाखला दिला, आणि शेजारी त्यांच्याहून मोठ्याने रडणाऱ्या एका दूरच्या मावशीकडे बघून नुसतं हं केलं. त्या मावशी पुढे आमच्याकडे आल्या नाहीत.

अशा माणसाच्या हातात मी आपण होऊन माझं लेखन दिलं, ही माझी अक्कल. झालं असं, की रविवारच्या पुरवणीत मी वाचलं, आता कोणीही माणूस इंटरनेटवर स्वतःचा ब्लॉग काढू शकतो, छापायला संपादकाची परवानगी लागत नाही. संपादकांच्या परवानगीचा माझा अनुभव लक्षात घेता ही बातमी खास माझ्यासाठीच छापली होती. त्याच आठवड्यात मी बसस्टँडजवळच्या जावेदभाईंच्या सायबर कॅफेत जाऊन बसलो. नाव ठरवण्यात तीन आठवडे गेले. शेवटी 'काळ्या मातीची स्पंदने' हे नाव मुक्रर झालं. पानाचा रंग आधी हिरवा, मग मातकट, मग पुन्हा हिरवा झाला. 'माझ्याविषयी' या चौकटीत मी 'कवी, विचारवंत, मातीशी नाळ जोडलेला माणूस' असं लिहिलं. गच्चीवर तुळशीची एक आणि कोरफडीच्या दोन अशा तीन कुंड्या होत्या, नाळ तेवढीच. त्या दिवसांत भारनियमन जोरात होतं. माझा पहिला लेख तीनदा वीज जाऊन तीनदा गडप झाला, आणि गेलेले तिन्ही लेख उरलेल्या चौथ्याहून सरस होते अशी माझी आजही समजूत आहे.

पानाच्या तळाशी किती लोकांनी भेट दिली ते दाखवणारा आकडा होता. महिनाभरात तो एकोणचाळीसवर गेला तेव्हा मी जावेदभाईंना चहा पाजला. चहा संपल्यावर त्या सज्जन माणसाने हळूच सांगितलं, "सर, बुरा मत मानो. अडतीस बार तो आपनेच खोला. एक बार मैंने, चालू है के नहीं देखने को." घरी येऊन मी बायकोला वाचायचा आग्रह केला. ती भाकरी थापत म्हणाली, "मी तुमाले रोज आयकून राह्यली, अजून वाचू काऊन?" मग माझा पडलेला चेहरा बघून तिलाच दया आली. "मामाले पाठवा," ती म्हणाली. "तो रिकामाच हाय."

ते दिवस कसे होते ते इथे सांगायला हवं. बीटीचं नवं बियाणं शिवारभर पसरलं होतं, जुनं गावरान वाण कोणाच्या घरी उरलं नव्हतं. पीक कधी धो धो यायचं, कधी लाल्या पडून पानं लालभडक व्हायची आणि झाड उभ्याउभ्या बसायचं. गावागावांतून वाईट बातम्या येत होत्या. मुंबई-दिल्लीचे पत्रकार जीपा करून फिरत होते, रोजचा पेपर आमच्याच भागाच्या दुःखाने भरलेला असायचा. मला वाटलं, एवढा मोठा विषय आपल्या दारात आला आहे, आता शेतावर जायची गरज काय? मी खुर्चीत बसून 'पांढऱ्या सोन्याचे रक्ताश्रू' हा लेख लिहिला. त्यात भेगाळलेली भुई होती, आभाळाकडे लागलेले डोळे होते, बैलांची खपाटीला गेलेली पोटं होती. टाइप करताना मी स्वतः दोनदा रडलो. जावेदभाईंनी पंखा माझ्याकडे वळवला. लेखाची छापील प्रत पाकिटात घालून मी धाडला जाणाऱ्या काळी-पिवळी जीपच्या ड्रायव्हरकडे दिली.

चौथ्या दिवशी पाकीट परत आलं. लेखाला टाचणीने एक जुनी चिठ्ठी लावलेली होती, आणि तिच्यावर ती ठरलेली ओळ: 'ओल जास्त. वाळवून आणणे.' मी दुसरा लेख पाठवला. तोही आला. तिसऱ्यावर तर 'कवडी' असा शेरा होता. आता मी काही शाळकरी पोर नव्हतो. मला एकच वाचक होता आणि तोही मला दर वेळी दारातून परत लावत होता. रविवारी सकाळी मी एसटी पकडून धाडला निघालो. ब्लॉग आजपासून बंद, हे मामाजींना तोंडावर सांगायचं आणि तडक परत यायचं, एवढं मनात पक्कं होतं. वाटेत ते वाक्य मी पाच-सहा प्रकारे म्हणून पाहिलं.

मामाजी ओट्यावर बसले होते. मी पायऱ्या चढतो न चढतो तोच त्यांनी माझी बाही चिमटीत धरली. मी ती सोडवून घेतली आणि म्हणालो, "मामाजी, ते साहित्य आहे, कापूस नाही. वाचकाला भावना लागते."

"वाचक कोन हाय, जवाईबापू?"

मी म्हणालो, "तुम्हीच."

"मंग मले काय लागते ते मीच सांगीन ना." त्यांनी माझ्या पिशवीतून डोकावणारा तो परत आलेला पहिला लेख ओढून काढला आणि अर्थातच मधोमध उघडला. "हे भुई भेगाळली म्हनता तुमी. कोन्या गावची? औंदा त पान्यानं बोंडं सडले. आठ दिस झाले, वावरात पाय टाकता येत नाई. तुमी आता स्टँडावरून कसे आले?"

मी खाली पाहिलं. माझे बूट घोट्यापर्यंत चिखलाने माखले होते आणि मामींच्या सारवलेल्या ओट्यावर भेगाळलेल्या भुईची स्पंदने उमटली होती. मला इतकी लाज वाटली की ब्लॉग बंद करायचं वाक्य मी पार विसरलो.

तेवढ्यात शेजारचा मिलिंद आला. पाच एकरांत कापूस लावणारा, शांत स्वभावाचा माणूस. पहिल्या वेचणीतला मूठभर कापूस त्याने रुमालात आणला होता. व्यापाऱ्याकडे माल नेण्याआधी मामांकडून ग्रेड ऐकून जायचं, म्हणजे व्यापारी काही बोलला तरी आपल्याला खरं माहीत असतं, अशी गावातल्या बऱ्याच जणांची रीत होती. मामाजींनी कापूस घेतला, सरकी काढली, चिमटीत धरून ओढला. पुन्हा ओढला. तिसऱ्यांदा ओढताना पुंजका बोटांतून निसटून ओट्यावर पडला आणि तो पडल्याचं त्यांना क्षणभर कळलंच नाही. ते रिकाम्या बोटांनी ओढत राहिले. मग खाली पाहून म्हणाले, "तुले काय वाटते बे, मिलिंद?"

"दोन नंबर असन, मामा."

"तेच. दोन नंबर."

"हाव मामा," म्हणून मिलिंदने पुंजका अलगद उचलला, रुमालात बांधला आणि नमस्कार करून गेला. उभ्या नोकरीत ज्या माणसाने गाडीच्या मालकाला कधी तोंड उघडू दिलं नाही, त्याने आज मालकालाच ग्रेड विचारली होती. मिलिंदला सगळं माहीत होतं हे त्याच्या चालण्यावरूनच कळत होतं.

मिलिंद दिसेनासा होईपर्यंत मामाजींनी वाट पाहिली. मग आत मामींची चाहूल घेऊन हळू आवाजात म्हणाले, "बोटाले आता कयेना जवाईबापू. साखरेनं खाल्ले. दोन वर्स झाले. शेवया ओढून पायतो, गादी ओढून पायतो, आता तुमची बाही ओढली. काईच लागत नाई हाताले. गावात कोनाले सांगू नका."

मला त्यांच्याकडे बघवेना. इतकी वर्षं आम्ही सगळे ज्यावर हसत आलो, ते गेली दोन वर्षं वेगळंच चाललं होतं. हा माणूस आताशा वस्तू तपासत नव्हता, आपली बोटं तपासत होता, रोज, दिसेल त्या वस्तूवर, आणि रोज नापास होत होता.

"तुमचं लेहनं तेवढं पायता येते मले," ते माझा लेख सरळ करत म्हणाले. "त्याले बोटं नाई लागत. म्हनून म्हनतो, वायवून आना, पन आनत जा. गाडीच आली नाई त ग्रेडरनं काय कराव?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? जेवून, मामींकडून दशम्या घेऊन परतलो. ब्लॉग चालूच राहिला. दर पंधरवड्याला एक गाडी धाडला जायची आणि परत यायची. पण आता लिहिण्याआधी मी बूट घालून बाहेर जायला लागलो. मिलिंदच्या शेतात एक दिवस कापूस वेचला, दुपारपर्यंत बोंडांच्या टोकांनी बोटं सोलली आणि माझा ढिगारा बघून तिथल्या बाया पोट धरून हसल्या. तेही लिहिलं. शेरे हळूहळू बदलत गेले: 'कचरा आहे, विशेषणे वेचावी', मग 'ओल मध्यम', आणि एकदा तर चक्क 'दोन नंबर'. त्या दिवशी मी आवक-जावक रजिस्टरमध्ये जावक पत्र आवकमध्ये चढवलं.

मग एक दिवस मी मामाजींच्या बोटांवर लिहिलं. सांगू नका म्हणाले होते, तरी लिहिलं. ब्लॉगवर न टाकता आधी एकुलती एक प्रत त्यांनाच पाठवायची, ते नाही म्हणाले तर फाडून टाकायची, असं ठरवलं. मिलिंदचा रुमाल, ओट्यावर पडलेला पुंजका, रिकाम्या चिमटीचं ते ओढणं. एक विशेषण ठेवलं नाही, प्रत्येक ओळ दोनदा वाळवली. पाकीट ड्रायव्हरच्या हाती दिलं आणि दुसऱ्या क्षणी वाटलं, धावत जाऊन परत घ्यावं.

एक आठवडी बाजार गेला, दुसरा गेला. पाकीट आलं नाही. बायको म्हणाली, "मामाले लागलं असन." मी तिच्याशी भांडलो, कारण मलाही तेच वाटत होतं. तिसऱ्या बाजारच्या दिवशी ड्रायव्हरने हाक मारून पाकीट दिलं.

मामाजी आता नाहीत. त्यांनी परत लावलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्या टेबलाच्या खणात आहे आणि ब्लॉगचा तो आकडा अजूनही मी एकटाच वाढवतो. पण त्या दिवशीची चिठ्ठी मी खिशात बाळगतो. पेन बोटांत नीट धरता येत नसावं, अक्षरं वेडीवाकडी, मोठाली झाली होती. दोनच वाक्यं होती.

'ओल आहे. राहू द्यावी.'