बेचाळीस वेण्या

आमच्या शारजाच्या घरी सिंकखाली एक मोठी पिशवी होती आणि तिच्यात बाकीच्या सगळ्या पिशव्या. मुद्दाम कुणी साठवत नसे, पण एक ओढली की सात बाहेर! आमच्या शेजारच्या मर्सीच्या शुक्रवारांचे किस्से असेच साठलेत. एक सांगायला घेतला की थांबता येत नाही.

मी तेव्हा बी.ए. करून पुण्याहून आई-बाबांकडे आले होते आणि एका इंडियन स्कूलच्या ऑफिसात क्लार्क होते. टोस्टरमधून ब्रेड उडाला तरी किंचाळायची मी!

*

पहिली भेट लिफ्टमध्ये. शेजारच्या फ्लॅटमध्ये केनियाची एक बाई, म्हणजे हीच मर्सी, आपल्या आठ वर्षांच्या मुलीला घेऊन राहायला आली होती. आईने त्यांच्याकडे हसून बघितलं आणि मला मराठीत म्हणाली, "नीटनेटकी आहे गं, पण रंग बघितलास?"

बाई वळली. "रंगी? आमच्या स्वाहिलीत रंगी म्हणजे कलर. माझ्या रंगीचं काय? प्लीज से दॅट अगेन."

मी लिफ्टच्या भिंतीला चिकटले. आई घाईघाईने म्हणाली, "ड्रेस! आपके ड्रेस का रंग! बहोत अच्छा!"

मर्सी नर्स होती. ड्रेस पांढराशुभ्र होता.

*

संध्याकाळी आईने शरमून शंकरपाळ्यांचा डबा भरला आणि माझ्या हातात दिला. स्वतः काही गेली नाही! मर्सीने डबा घेतला, मला आत ओढलं आणि मुलीला हाक मारली, "नीमा!"

"नीमा? हे तर आमच्याकडचं नाव!" मी म्हणाले.

"मग शुक्रवारी ये," मर्सी म्हणाली. जणू त्यावरून हे उघडच होतं!

शुक्रवारी सुट्टी असे. आसपासची आफ्रिकन कुटुंबं मर्सीच्या हॉलमध्ये जमत. आया मुलांच्या वेण्या घालत, चपात्या होत (हो, त्यांच्याकडेही चपातीच म्हणतात!) आणि मग मुलांची प्रॅक्टिस. कुणी रंगावरून बोललं तर काय करायचं? पाठ ताठ. स्वतःचं नाव सांगायचं. मग शांतपणे, "प्लीज से दॅट अगेन."

मर्सी म्हणायची, "वाईट शब्द पहिल्यांदा तोंडातून सहज पडतो. दुसऱ्यांदा मुद्दाम वाकून उचलावा लागतो."

*

प्रॅक्टिससाठी एक दुष्ट बाई हवी होती. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

नीमा स्कूल बसमध्ये बसल्यासारखी खुर्चीवर बसली. मी म्हणाले, "एक्स्क्यूज मी, सॉरी हं, तुझी हरकत नसेल तर... इथे बसू नकोस?"

तिथे येणाऱ्या क्वामेचा मुलगा ओरडला, "मिस, यू आर टेरिबल अ‍ॅट धिस!"

मर्सीने कपाळाला हात लावला. "हबीबी, तू माझी मुलं बिघडवणार. इतकं गोड कुणी बोलत नाही!"

तिसऱ्या वेळी मी डोळे मिटून किंचाळले, "ऊठ! तू घाण आहेस!" आणि स्वतःच दचकले. नीमा ताठ झाली. "माय नेम इज नीमा. प्लीज से दॅट अगेन."

मी पुन्हा म्हणायला तोंड उघडलं आणि "सॉरी" म्हणाले.

"बसमध्ये रोज असंच म्हणतात," नीमा सहज म्हणाली.

*

हा क्वामे घानाचा. इंडस्ट्रियल एरियातल्या गॅरेजमध्ये मेकॅनिक. एका शुक्रवारी आमच्या वॉचमनने त्याला अडवलं, "ए, सर्व्हिस लिफ्ट उधर!"

गॅरेजमध्ये क्वामेची हिंदी माझ्यापेक्षा पक्की झाली होती. "भाईसाब, मेरा नाम क्वामे है. जरा फिर से बोलना?"

वॉचमन हिंदी ऐकूनच गार! बराच वेळ ओठ हलवून शेवटी म्हणाला, "मैं बोला... चाय पियेंगे?"

पुढच्या शुक्रवारी आम्ही त्याला चहाला वर बोलावलं. मेन लिफ्टने!

*

नीमा मी क्लार्क होते त्याच शाळेत होती. एका बुधवारी तिच्या डायरीत शाळेच्या सुपरवायझर मॅडमची नोट आली. 'केस अस्ताव्यस्त. शनिवारपासून नीट दोन वेण्या घालून पाठवावे, अन्यथा पाठवू नये.'

संध्याकाळी मर्सीने माझं दार बडवलं. नीमा कात्री घेऊन बाथरूममध्ये, आतून कडी! आतून आवाज, "आय विल कट ऑल ऑफ इट. देन आय कॅन गो टू स्कूल."

मर्सी, जगाला उत्तरं शिकवणारी मर्सी, दाराला डोकं टेकून उभी होती. काय करावं सुचेना, म्हणून मी शाळेची डायरी उघडली आणि नियमांचं पान काढून दाराखालून सरकवलं. "नीमा, आधी... आधी वाच तरी!"

मग अडखळत वाचन, "कॉलरखाली येणारे केस वेण्या घालून पांढऱ्या रिबिनीने बांधावेत."

मग कडी वाजली.

"मिस," नीमा बाहेर येऊन म्हणाली, "इट डझन्ट से हाऊ मेनी."

*

शनिवारी प्रिन्सिपल सरांच्या केबिनमध्ये मर्सी, स्कार्फ बांधलेली नीमा आणि डायरी छातीशी धरून मी. नोकरी गेलीच असं धरून चालले होते.

सुपरवायझर मॅडम म्हणाल्या, "सर, ते केस आहेत का? जंगल आहे नुसतं!"

नीमा ताठ झाली. "माय नेम इज नीमा. प्लीज से दॅट अगेन, मॅडम."

मॅडम पेपरवेटकडे बघत राहिल्या.

सरांनी नियम वाचला, पुन्हा वाचला. "मग? वेण्या?"

नीमाने स्कार्फ सोडला. प्रत्येक वेणीच्या टोकाला पांढरी रिबीन! शुक्रवारी अख्ख्या हॉलने कापून बांधलेल्या. आईनेही बांधल्या होत्या. लिफ्टनंतर पहिल्यांदाच मर्सीकडे आली होती.

"मोजा," सर मला म्हणाले. घाबरून मी चक्क मराठीत मोजायला लागले आणि शेवटी इतक्या जोरात "बेचाळीस!" ओरडले की शिपाई धावत आत आला.

सरांनी चष्मा पुसला. "नियम बेचाळीस वेळा पाळलाय. गो टू युवर क्लास, नीमा."

*

पुढचा शुक्रवार. मर्सीकडे बेल वाजली. मी पीपहोलमधून बघितलं आणि किचनमध्येच पळाले. बाहेर सुपरवायझर मॅडम! शेजारी त्यांची मुलगी रिया, नीमाच्याच वर्गातली. मॅडमच्या हातात पांढऱ्या रिबिनींचं पाकीट.

दार नीमाने उघडलं.

मॅडम जमिनीकडे बघत पुटपुटल्या, "ही ऐकतच नाहीये. हिला... तुझ्यासारखे केस करून मिळतील का?"

हॉलमधल्या कंगव्यांची हालचाल थांबली. मी किचनच्या दाराआडून बघत होते. नीमाने पाठ ताठ केली.

"माय नेम इज नीमा," ती म्हणाली. "प्लीज से दॅट अगेन."