एक जूनच्या मुली

अत्तार सर गेल्याची बातमी मला त्या दिवशी सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान सहा जणींनी कळवली, आणि सहाही जणींनी शेवटी एकच वाक्य जोडलं होतं... तू तर सरांची लाडकी. मी कात्रजला राहते. दुधाच्या पिशव्या घेऊन नुकतीच घरी येत होते. आले, दूध तापत ठेवलं, उतू जाऊ दिलं नाही. रडू आलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण अशा लेखात पहिल्याच परिच्छेदात गहिवरायची आपल्याकडे रीत आहे, आणि ती मोडल्याबद्दल कुणाला रागवायचं असेल तर त्यांनी आत्ताच रागवून घ्यावं. सरांना स्वतःला गहिवर चालत नसे. नववीत असताना सरावात माझा गुडघा फुटला तेव्हा ते एवढंच म्हणाले होते की रक्त मातीत पडू देऊ नकोस, माती शाळेची आहे.

यासीन अत्तार हे आमच्या पेठेतल्या मुलींच्या शाळेत शारीरिक शिक्षणाचे शिक्षक. घराणं पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातलं, वडिलांचं बुधवार पेठेत घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान. बोलणं इतकं स्वच्छ आणि इतकं तुटक की मराठीच्या बाईसुद्धा त्यांच्यापुढे जपून बोलत. शाळेला मैदान नव्हतं. इमारतीमागे एक जागा होती, तिथे सरांनी चार गाड्या माती टाकून घेतली आणि आम्हाला कबड्डी शिकवली. आम्ही जिंकायला लागलो, आणि मग आंतरशालेय स्पर्धांत जायला लागल्यावर खरी गंमत कळली. तेव्हा आठवी ते दहावीच्या सगळ्या मुली एकाच गटात खेळत. इयत्ता एवढीच अट. त्यामुळे तीनदा नापास झालेली, लग्नाचं ठरत आलेली दहावीतली मुलगी आणि आठवीतली चिमणी समोरासमोर यायच्या. अशाच एका सामन्यात आमच्या शाळेतल्या एका मुलीवर समोरच्या चौघी पडल्या आणि तिच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. तो हात तिला पुढे कधीच पूर्ण वर नेता आला नाही. स्पर्धा समितीतल्या कुणीतरी खेळ म्हटलं की लागायचंच, असं म्हटल्यावर सर म्हणाले, "आठवीतल्या पोरीवर चार बायका पडल्या तर त्याला पकड म्हणत नाहीत, साहेब. अपघात म्हणतात."

त्यानंतरची दोन वर्षं सरांना दुसरा विषय नव्हता. वय, उंची आणि वजन या तिन्हींना गुण द्यायचे, त्यांची बेरीज करायची आणि त्यावरून लहान, मधला आणि मोठा असे तीन गट पाडायचे, असा त्यांचा आराखडा होता. आज हे कुणालाही साधं वाटेल. तेव्हा समितीतल्या मंडळींना तो मुलींचा बाजार मांडण्याचा प्रकार वाटला, आणि खरं सांगायचं तर त्यांचं अगदीच चुकत नव्हतं. शाळेत वजनकाटा नव्हता, म्हणून सर आम्हाला रांगेनं शेजारच्या लाकडाच्या वखारीत नेत. जळण मोजायच्या काट्यावर एकेकीला उभं करत आणि आकडा मोठ्यानं वाचून दाखवत. ओंडके उचलणारे हमाल ऐकत असत. एका जाड मुलीचं वजन वाचून झाल्यावर सर म्हणाले, उतर, काटा दुसऱ्याचा आहे. ती मुलगी दुसऱ्या दिवसापासून सरावाला आली नाही. सरांना त्यात काही वावगं वाटलं नाही. मोजमाप म्हटलं की त्यात लाजायचं काय, असा त्यांचा प्रश्न असायचा.

उंची आणि वजन असं मोजता आलं. वय मात्र कागदावर असायचं, आणि आमच्या पिढीचा कागद म्हणजे काय ते सांगायला नको. शाळेत नाव घालायला आणलेल्या पोराची जन्मतारीख कुणाला ठाऊक नसली की मास्तर एक जून लिहून मोकळे होत. शाळा जूनमध्ये उघडते, मूल सहा वर्षांचं दिसतंय, झालं. आमच्या वर्गात अकरा जणींचा वाढदिवस एक जूनला होता. शेवटी समितीनं एका वर्षापुरते गट पाडून बघायला होकार दिला, तेव्हा सरांनी नियमच करून घेतला की खेळाडूची तारीख एक जून असली तर तपासणाऱ्याने तिच्या घरी जायचं, मोठ्या माणसांना विचारायचं आणि ते सांगतील ते लिहून आणायचं. तपासणारे अर्थात स्वतः सरच. ते हडपसरपासून खडकीपर्यंत सायकलवर फिरले. कुणाच्या आजीला विचारायचे, ही झाली तेव्हा घरात कुणाचं लग्न होतं, कुठली म्हैस व्याली होती. हडपसरकडच्या एका मळ्यात एका म्हाताऱ्यानं त्यांना सुनावलं होतं, "पोरगी माझी हाय, तारीख मास्तरची हाय. मास्तरला इचारा." हे सर आम्हाला हसत सांगायचे. त्यांना हसताना मी तेवढंच पाहिलं.

मी त्या संघाची कर्णधार होते, आणि माझीही तारीख एक जूनच होती. त्या वर्षी मधल्या गटातून राज्याच्या संघासाठी निवड व्हायची होती. माझं वजन अडतीस किलो, उंची बेताची, पण चढाई अशी की समोरचा संघ माझ्याकडे बघत मागे सरकायचा. निवड झाली की पुढे रेल्वेत नाहीतर बँकेत खेळाडू म्हणून नोकरी लागते, हे आमच्या घरी सगळ्यांना पाठ झालं होतं. वडील छापखान्यात कागद कापायला होते. पानशेतच्या पुरात आमच्या नदीकाठच्या खोल्या वाहून गेल्यापासून आम्ही पूरग्रस्तांच्या वसाहतीत राहत होतो. घरात आई, वडील, मी, धाकटा भाऊ आणि वडिलांची विधवा बहीण, म्हणजे आमची आत्या. आम्हा पोरांना वाढवलं ते आत्यानं. आई कमी बोलायची. मला वाटायचं, तिचा स्वभावच तसा.

सर आमच्या घरी आले तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले असतील. चहा नको म्हणाले, तपासणीला आलो की घेत नाही. पुण्यातल्या आमच्या पिढीचं वय पुरावरून मोजतात, तसं त्यांनी आत्याला विचारलं, पूर आला तेव्हा शशी कुठे होती. आत्या ताठ बसली. पुराची गोष्ट सांगायची तिला भारी हौस. म्हणाली, "माझ्या कडेवर होती. पाणी गुडघ्याला लागलं तशी हिला घेऊन मी पळत सुटले. चालायला लागली होती हो, पण त्या गर्दीत खाली कुठं सोडणार?" सरांनी वहीत लिहून घेतलं. चालणारं मूल म्हणजे निदान वर्षाचं. दाखल्यातल्या तारखेप्रमाणे मी पुराच्या वेळी दीड महिन्याची होते. मी आईकडे बघितलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात कणीक होती, आणि ती काही बोलली नाही.

एक वर्ष वाढलं तशी माझी बेरीज बदलली आणि मी मधल्या गटातून मोठ्या गटात गेले, जिथे आमच्या शाळेचा संघच नव्हता. दुसऱ्या दिवशी समितीच्या सभेत सरांनी उभं राहून सांगितलं की माझ्याच संघाची कर्णधार वयात बसत नाही, तिला मी स्वतः बाद करतो. टाळ्या पडल्या. आतापर्यंत विरोध करणारे उठून त्यांचा हात हातात घेऊ लागले. स्वतःच्या पोरीला सोडलं नाही तो दुसऱ्याच्या पोरीवर अन्याय कशाला करील, या एका गोष्टीवर सरांचे तीन गट शहरभर कायमचे लागू झाले. आमचा संघ दुसऱ्या फेरीत हरला. माझ्या जागी चढाईला गेलेल्या मुलीनं नंतर मला सांगितलं की तिला नुसती रडायची भीती वाटत होती, हरायची नाही. राज्याच्या संघात त्या वर्षी गेलेल्या दोघींना पुढे रेल्वेत नोकऱ्या लागल्या. त्यांच्यातली एक मला अजून भेटते आणि दर वेळी म्हणते, तू असतीस तर मी नसते. खरं आहे.

सरांनी मला मात्र सोडलं नाही. शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमाला त्यांनीच नाव घातलं, चिठ्ठी देऊन पहिली नोकरी त्यांनीच लावली, समितीवरही त्यांनीच घेतलं. लाडकी म्हणतात ती यामुळे. मीही मनात काही ठेवलं नाही. नियम चांगला होता. त्याच्यामुळे किती पोरींची हाडं शाबूत राहिली ते मी बत्तीस वर्षं पाहिलं आहे, आणि आजही गट कसे पाडावेत असं मला कुणी विचारलं तर मी सरांचाच आराखडा पुढे करीन. माझं वय जास्त होतं, मी बाद झाले, विषय संपला... असं मी धरून चालले होते.

माझं पहिलं बाळंतपण जवळ आलं तेव्हा आत्या माझे पाय चोळता चोळता सहज बोलून गेली की पहिलीला काही झालं तरी घाबरू नकोस, तुझ्या आईचीही पहिली गेली पण पंधरा दिवसांत परत आली. मी विचारत गेले तशी ती सांगत गेली. पुरात तिच्या कडेवर होती ती माझी थोरली बहीण. पुरानंतर वसाहतीत ताप पसरला, त्यात ती गेली. मी तेव्हा आईच्या पोटात होते. ती गेली आणि पंधरा दिवसांनी मी झाले. आत्याच्या लेखी गेलेली पोरगीच परत आली होती, त्यामुळे तिच्या मनात आम्हा दोघींचं वय एकच चालू राहिलं. ती खोटं बोलली नव्हती. म्हणजे दाखल्यात होतं त्याहूनही मी लहान होते.

मी तशीच आईकडे गेले. तुला माहीत होतं, तू दारात उभी होतीस, मग तू गप्प का राहिलीस, असं विचारलं. आई म्हणाली, तिचं नाव तोंडातून निघालं नाही. मी तिला म्हणाले, "मेलेलीसाठी तू जिवंत पोरीला बुडवलंस." नंतरची एकोणीस वर्षं मी दिवाळीला आणि भाऊबीजेला जायचे आणि संध्याकाळच्या आत निघायचे. तिनं दिलेली साडी मी घरी आणून मोलकरणीला द्यायचे, आणि हे तिला कळेल अशी व्यवस्था करायचे. ती शेवटची आजारी होती तेव्हा भावानं दोनदा बोलावलं. मी तिसऱ्यांदा बोलावल्यावर गेले. तोवर तिची वाचा गेली होती.

सर गेले त्याच्या नऊ दिवस आधी त्यांच्या पत्नीचा, म्हणजे चाचींचा, फोन आला की सर आठवण काढताहेत. मी हडपसरला त्यांच्या मुलाच्या फ्लॅटवर गेले. सर खाटेवर होते, फार वाळले होते. चाची चहा टाकायला आत गेल्या तसे ते म्हणाले की तुझ्याशी एक बोलायचं राहिलंय.

"सभेच्या दुसऱ्या दिवशी तुझी आई शाळेत आली होती."

मला आधी कळलंच नाही ते कुठल्या सभेबद्दल बोलताहेत.

"वसाहतीतून चालत आली होती. थोरलीचा मृत्यूचा दाखला घेऊन. पदराच्या गाठीत बांधून आणला होता. वाचायला मला दिला आणि म्हणाली, सर, या दोघी होत्या."

मग तुम्ही काय केलंत, असं मी विचारलं.

"टाळ्या होऊन गेल्या होत्या, शशी," सर म्हणाले. "पहिलंच प्रकरण चुकलं म्हटल्यावर नियम गेला असता. मी दाखला घडी घालून परत दिला. तिला सांगितलं, आता निकाल बदलत नाही, पोरीला काही बोलू नका, उगीच तिचा माझ्यावरचा विश्वास जाईल. तिनं मान डोलावली. आपण गुरू आहात, म्हणाली."

त्यांचा आवाज तसाच होता, आकडा वाचून दाखवावा तसा. माझ्या डोक्यात मात्र एकच चाललं होतं, की आईनं ते पाळलं. मी तिला वाटेल ते बोलले, साड्या मोलकरणीला दिल्या, आणि एकोणीस वर्षांत एकदाही तिनं सांगितलं नाही की बाई गं, मी गेले होते. माझा सरांवरचा विश्वास जाऊ नये म्हणून. मला त्या क्षणी सरांची घृणा आली, आणि त्याहून जास्त माझी स्वतःची.

सर म्हणाले, "मी गेल्यावर हे लिही. आधी नको." मरतानाही माणसाला आपलं नाव सांभाळायचं होतं. मग त्यांनी हात पुढे केला. मी पर्स उचलली आणि निघते म्हणाले. चाची चहा घेऊन येत होत्या, त्यांना म्हटलं, बस चुकेल. त्यानंतर त्यांचे दोनदा फोन आले, सर विचारताहेत, एकदा येऊन जा. मी दोन्ही वेळा सांगितलं की शाळांच्या स्पर्धा चालू आहेत, मला निघता येणार नाही. मे महिना होता. शाळा बंद होत्या. चाचींनाही ते माहीत असणार, त्यांनी आयुष्य एका शिक्षकाबरोबर काढलंय.

परवा सरांचा चाळिसावा दिवस झाला. मी गेले. समितीची माणसं होती, सरांच्या नावानं सचोटीचं पारितोषिक ठेवायचं ठरत होतं, आणि ते मी द्यावं असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. मी वाढायला उठले. जेवणं झाल्यावर चाचींनी मला सरांची खोली दाखवली. खाट पूर्वी भिंतीला लागून असायची, ती आता खोलीच्या मध्यावर आडवी होती. मी विचारलं तर म्हणाल्या, शेवटच्या आठवड्यात त्यांनीच फिरवून घेतली. मुलगा म्हणतो जागा अडते, सरळ करू. पण चाचींनी अजून करू दिलेली नाही. खाटेवर पडून बघितलं की फ्लॅटचं बाहेरचं दार थेट दिसतं.