मास्तरांनी आत घेतलेले झगे

मास्तरांच्या शिलाईला सगळी गल्ली नावाजायची. बायकोचे कपडे त्यांनी कधी दुसऱ्या शिंप्याला शिवू दिले नाहीत, पण तिला चिडवायचंही सोडलं नाही. "तुझ्या एका झग्याच्या कापडात गिऱ्हाइकांचे दोन निघतात," असं म्हणायचे. ती शेजारीच काजं-बटणं करत बसलेली असायची. "मग त्या दोघींशी करायचं होतं लग्न," म्हणत दाताने दोरा तोडायची.

पन्नाशीनंतर तिला मधुमेहाने गाठलं आणि पुढे हृदय थकलं. चार पावलं चालली की धाप लागायची, पाय सुजायचे. मास्तरांना वाटलं, आता वजन उतरलं की सुटलो. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उलटं आहे. हृदय असं कमजोर झालं की अंगाने भरलेली माणसं कधीकधी जास्त तग धरतात. त्यात मधुमेह असला की तोही आधार पुरत नाही. म्हणून या आपोआप वाळायला लागल्या तर मला लगेच सांगा. आणि काट्यावर विसंबू नका. मांस झडतं, पाणी भरतं, काटा तेवढाच राहतो. कपडे सैल होतात का, ते बघा."

मास्तर मनातून हसलेच. कपड्यांचं त्यांना कोण शिकवणार!

काही महिन्यांनी तिच्या खांद्यावरून झगा घसरला. ती आरशासमोर मटकन खाली बसली. "अहो, मी संपत चालले का हो?" म्हणून रडायला लागली. मास्तरांनी तिला हात धरून उठवलं. "काहीतरीच बोलू नकोस. शिवण उसवली असेल. आण इकडे." दुपारी ती झोपल्यावर त्यांनी झगा खांद्यात आत घेतला. मग बाकीचेही घेतले, काही तर दोनदा. हाडं दिसू नयेत म्हणून बाह्यांना चुण्या घातल्या. डॉक्टरीणबाईंना सांगायचं त्यांच्या मनात होतं. पण तिचा चेहरा खुलला होता, तिला दोन घास जास्त जात होते. पुढच्या वेळी सांगू, म्हणाले. भल्या माणसाला एवढीही अक्कल असू नये!

तपासणीला गेल्यावर काटा तेवढाच निघाला. "कपडे सैल होतायत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे हो! बघा ना, कसे अंगासरसे बसतात."

ती खरंच सांगत होती. मास्तरांनी शेजारून तिच्या बाहीची चुणी सारखी केली.

शेवटी तिला दवाखान्यात दाखल करावं लागलं. नर्सने झगा उतरवला आणि आतली काडी झालेली बाई पाहून डॉक्टरीणबाई चपापल्या. सोबत आलेल्या लेकीने झगा उलटा केला. आत टिपेवर टीप होती.

"हे कुणी केलं?" डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला.

मास्तरांनी तोंड उघडलं. तिने त्या शिवणीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. तिला सगळं तेव्हाच कळलं.

"मीच," ती धापा टाकत म्हणाली. "मीच करून घेतले यांच्याकडून. तुम्हाला कळू नये म्हणून."

"कमाल आहे आई तुझी!" म्हणत लेक रागाने बाहेर निघून गेली. मास्तरांनी उघडलेलं तोंड मिटलं.

त्याच आठवड्यात ती गेली. लेकीचा राग अजून गेलेला नाही. घरी आली की विषय निघतोच. "आईने स्वतःच्या हाताने ओढवून घेतलं, बाबा. हट्टीच होती."

"हो," मास्तर म्हणतात, "हट्टी होती खरी."